कमी सांगण्याची शर्यत

स्वतःबद्दल सांगताना माणूस सहसा हात आखडता घेत नाही. नोकरीच्या अर्जात अनुभव फुगतो, लग्नाच्या स्थळात पगार फुगतो आणि नव्या गाडीचं ॲव्हरेज सांगताना मालक लिटरमागे चार-पाच किलोमीटर पदरचे घालतो. ‘मी पामर, मला काय येतं’ असं म्हणणारी माणसं संतसाहित्याबाहेर फारशी भेटत नाहीत. अमेरिकेतल्या हौशी ड्रॅग रेसिंगमध्ये मात्र ती घाऊक भावात भेटतात. आपली गाडी कशी मंद आहे, तिच्यात कसा जीव नाही, हे तिथला माणूस कळवळून सांगतो. त्यातलं अक्षरही खरं नसतं.

खेळ दिसायला अगदी बाळबोध. पाव मैलाचा सरळ रस्ता, म्हणजे १३२० फूट, आपल्या हिशेबात ४०२ मीटर. दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या राहतात, मधल्या खांबावर पिवळे दिवे उतरत येतात, हिरवा लागला की सुटायचं. वळण नाही, चढ नाही, दुसरी फेरी नाही. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरही अशा शर्यती झालेल्या आहेत. तिकडे १९५० साली कॅलिफोर्नियात सॅन्टा ॲनाच्या विमानतळावर हा प्रकार रीतसर सुरू झाला. पुढच्याच वर्षी ‘हॉट रॉड’ मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे एनएचआरए, काढली. हेतू हा, की रात्री गावच्या रस्त्यांवर गाड्या पिटाळणाऱ्या पोरांना धावपट्टीवर आणावं आणि जमलं तर जिवंत ठेवावं. १९५४ मध्ये या संस्थेची चार माणसं मोटारीला ट्रेलर जोडून देशभर हिंडली आणि शर्यत कशी भरवायची, गाडी कशी तपासायची, हे गावोगावच्या क्लबांना शिकवत राहिली. थोडक्यात, तपासनीस हा या खेळातला उपरा पाहुणा नाही. तो पहिल्यापासून घरातलाच आहे, थोडा खाष्ट.

शर्यतीच्या दिवशी सकाळी गाड्यांची रांग त्याच्यापुढे उभी राहते. तिथे या विधीला नुसतं ‘टेक’ म्हणतात, आपल्याकडच्या शर्यतींत ‘स्क्रुटिनी’. तपासनीस बॉनेट उघडायला लावतो, वाकून चाकांचे नट बघतो, बॅटरी हलवून बघतो. व्हील कॅप असेल तर काढायला सांगतो, कारण ती वेगात उडू शकते आणि तिच्याआड नट दिसत नाहीत. रेडिएटरचं उतू गेलेलं पाणी धरायला अर्ध्या लिटरचा तरी डबा लागतो, नाहीतर ते रस्त्यावर सांडून मागचा घसरेल. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की थ्रॉटल आपोआप मिटायला हवा, त्याची स्प्रिंग तो बोटाने ओढून बघतो. बॅटरी डिकीत नेली असेल, आणि ती पुष्कळजण नेतात, कारण त्यामुळे मागच्या चाकांवर वजन पडून पकड वाढते, तर गाडीच्या मागच्या अंगाला बाहेरून बंद करता येईल असा कट-ऑफ स्विच हवा. आत चालक अडकला, तर मदतीला धावणाऱ्याला तो सापडला पाहिजे.

आपल्याकडे आरटीओच्या पासिंगला निघालेल्या रिक्षेचं जे होतं, तेच या रांगेत होतं. पासिंगपुरते कुणाचे तरी चांगले टायर चढतात, आग विझवायचं नळकांडं शेजारच्याकडून येतं, प्रथमोपचाराची पेटी धूळ झटकून पुढे होते आणि शिक्का पडला की सगळं ज्याच्या त्याच्या घरी. तपासणारालाही हे ठाऊक असतं. तो टायरकडे बघतो, मग रिक्षावाल्याकडे बघतो आणि मग दोघेही लांब कुठेतरी बघतात.

पण इथवरचं नियम वाकवणं हे नुसतं पोटासाठीचं, आळसातलं. खरी कला गाडीची जात ठरवताना दिसते. एनएचआरएच्या स्टॉक वर्गात, म्हणजे कारखान्याच्या नेहमीच्या गाड्यांच्या वर्गात, गाडीचा गट साध्या भागाकाराने ठरतो : कारखान्यातून निघतानाचं वजन भागिले अश्वशक्ती. अश्वशक्ती जितकी कमी, तितका गट हळू आणि समोरचे गडी लेचेपेचे. आता ही अश्वशक्ती सांगणार कोण? अर्थातच कारखाना. जो कारखाना एरवी जाहिरातीत दहाचे वीस करतो, तोच इथे एकदम विनयशील झाला. १९६८ मध्ये फोर्डने ‘कोब्रा जेट’ नावाचं ४२८ घनइंचांचं इंजिन आणलं आणि कागदावर त्याची शक्ती लिहिली ३३५. कॅलिफोर्नियातल्या पोमोनाच्या विंटरनॅशनल्स शर्यतींत या इंजिनाच्या मस्टँग गाडीने सुपर स्टॉक वर्गाचा किताब नेला, तेव्हा ३३५ हा आकडा इंजिनाचा नसून कंपनीच्या विनयाचा आहे, हे सगळ्यांना उमगलं. अशा इंजिनांसाठी संस्था मग स्वतःचे आकडे नेमते : तुम्ही सांगता ते राहू द्या, आम्ही धरतो ते हे.

वजन आणि शक्ती यांच्या आकड्यांखेरीज वाकवायला उरतं काय? चाकांची जागा. कोब्रा जेटच्याही आधी, १९६५ मध्ये, क्रायस्लरने काही डॉज आणि प्लिमथ गाड्यांची मागची चाकं १५ इंच आणि पुढची १० इंच पुढे सरकवली, म्हणजे सगळा भार मागच्या चाकांवर. गाडी तीच, कंपनी तीच. फक्त बसल्या जागी कुणीतरी खालून ओढल्यासारखी दिसायची. एनएचआरएने या गाड्यांना आपल्या स्टॉक गटांत घेतलं नाही. पण त्या धावत राहिल्या, लोक हसत हसत त्यांना ‘फनी कार’ म्हणू लागले आणि काही वर्षांत त्याच संस्थेने फनी कार नावाचा स्वतंत्र वर्ग काढून त्यांना मानाने आत घेतलं. लबाडी फारच उघडी पडली की तिचा नवा गट होतो. राजकारणात याची उदाहरणं शोधायला फार लांब जावं लागत नाही.

जिंकणाऱ्याचं सुख तरी निर्भेळ असावं, पण या वर्गांत मोठी शर्यत जिंकलेल्याला इंजिन उघडून दाखवावं लागतं. आदल्या घटकेला हार घातलेला माणूस दुसऱ्या घटकेला हातात पाना घेऊन आपलंच इंजिन सोडवत बसतो. तपासनीस सिलिंडर हेडच्या खोलगट कप्प्यात ब्युरेटने पाणी सोडून घनफळ मोजतो, कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह किती उचलतो ते डायलवर बघतो. शाळेच्या प्रयोगशाळेत ज्यांनी ब्युरेटचं वाचन कायम अंदाजाने लिहिलं, ते सगळे इथे श्वास रोखून उभे असतात.

हे सगळं हौशी माणसाला परवडणारं नाही. आठवडी शर्यतीच्या बक्षिसात पुष्कळदा टायरचाही खर्च निघत नाही. त्यासाठी कोण इंजिन खोलणार? म्हणून हौशींसाठी ब्रॅकेट रेसिंग निघाली आणि तिच्यामागची कल्पना खरोखर सुंदर आहे. गाडीत काय आहे ते आम्ही विचारतच नाही. तुमची गाडी पाव मैलाला किती सेकंद घेते ते तुम्हीच सांगा. चालक तो आकडा, समजा १२.४०, बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने काचेवर लिहितो. शेजारच्याने १०.९० लिहिलं असेल तर पहिल्याला दीड सेकंद आधी सोडतात. दोघांनी खरं सांगितलं असेल तर दोघे जवळजवळ एकाच क्षणी पोहोचतील आणि जिंकेल तो, ज्याचा पाय दिव्याबरोबर चपळ हलला. आजीची जुनी गाडी लाखोंच्या यंत्राला हरवू शकते. इंजिन तपासण्याची कटकटच मिटली, लबाडीला जागा उरली नाही, असं नियम करणाऱ्याला वाटलं असेल. बिचारा.

माणसाला स्वतःबद्दल खरं सांगायला लावलं की तो ताबडतोब हिशेब करतो. १२.४० ची गाडी १२.६० ची म्हणून लिहिली तर वीस शतांश फुकट पदरात पडतात. म्हणून मग ब्रेकआउटचा नियम आला : सांगितल्यापेक्षा लवकर पोहोचलात तर बाद. जोरात धावल्याबद्दल हरवणारे खेळ जगात फार नसतील. पण त्यावरही उतारा निघाला. गाडी मुद्दाम मंद सांगायची, पूर्ण दमाने पळवायची आणि शेवटच्या काही फुटांत शेजाऱ्याकडे तिरक्या डोळ्याने बघत ब्रेक दाबायचा, असा की चाक त्याच्या पुढे राहावं आणि घड्याळ आपल्या शब्दाच्या मागे. कुठे याला डावपेच म्हणतात, कुठे पाप. करतात सगळीकडे.

आणखी एक गंमत. सुपर कॉम्प, सुपर गॅस आणि सुपर स्ट्रीट या वर्गांत आकडा संस्थेनेच ठरवून दिलेला असतो : ८.९०, ९.९० आणि १०.९०. इथे लोक घर गहाण पडेल इतका खर्च करून त्याहून कितीतरी वेगवान गाडी बांधतात आणि मग आणखी पैसे घालून थ्रॉटल स्टॉप नावाचं यंत्र बसवतात. ते गाडी सुटल्यावर काही क्षण इंजिनाचा गळा आवळून धरतं आणि मग सोडतं. वेग विकत घ्यायचा आणि मंदपणाही विकत घ्यायचा. शिवाय डिले बॉक्स आहे. चालकाने पहिला पिवळा दिवा बघून बटण सोडायचं, आणि बॉक्स पढवलेले हजारांश सेकंद मोजून मग गाडी सोडणार. काही वर्गांत तो चालतो. जिथे फक्त पायाने ब्रेक सोडून निघायचं असतं तिथे चालत नाही, आणि अर्थातच तिथल्या तपासनीसाला डॅशबोर्डाखालची प्रत्येक अनोळखी वायर कुठून निघून कुठे जाते, याची फार जिज्ञासा असते.

इथवरच्या सगळ्या लबाड्यांवर मी खूश आहे. त्यात शेजाऱ्याचं नुकसान फार तर एका ट्रॉफीचं. माझं हसू आखडतं ते दुसऱ्या एका विनयाशी. गाडी पाव मैल ११.४९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापत असेल तर साधारणपणे रोल बार बसवावा लागतो, म्हणजे गाडी उलटली तर छप्पर डोक्यावर येऊ न देणारा पोलादी नळ. त्याला पैसे लागतात, गाडीचं आतलं रूप बिघडतं, मागच्या सीटवर पोरं बसवता येत नाहीत. त्यामुळे अकराच्या घरातल्या बऱ्याच गाड्या तपासनीसासमोर १२ च्या होतात, आणि धावताना शेवटी पाय उचलून ११.५० च्या पलीकडे राहतात. पट्ट्यांचंही तसंच. शर्यतीचे प्रमाणित सीटबेल्ट बनल्यापासून दोन वर्षांनी बाद होतात, कपाटात पडून राहिले तरी. उन्हाने विणीतला धागा कमजोर होतो आणि ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तपासनीस पट्टा ओढून बघत नाही, त्यावरची तारीख वाचतो, आणि चालक म्हणतो, अहो, हा तर कोरा आहे, एकदाही ताणला गेलेला नाही. ही तक्रार मला फार बोलकी वाटते. पट्टा ताणला जाण्याचा प्रसंग आला नाही, म्हणून तो येणार नाही.

म्हणजे अश्वशक्ती कमी सांगणारा, सेकंद वाढवून सांगणारा हा नम्र माणूस एका बाबतीत मात्र इतर सगळ्यांसारखाच फुगवून सांगतो : आपलं नशीब. गाडीच्या वेगाबद्दल तो खोटं बोलला तर घड्याळ शतांशापर्यंत पकडतं आणि तिथल्या तिथे बाद करतं. नशिबाला असं घड्याळ नाही, त्याचा आकडा काचेवर लिहावा लागत नाही, आणि तो चुकला तर पुन्हा रांगेत उभं राहायची सोय नसते. ती एक बढाई तपासायला सकाळच्या उन्हात माणूसच उभा करावा लागतो. तो खडूस वाटतो, तारखा वाचतो, नट मोजतो, दहा मिनिटं खातो. खाऊ द्यावीत. बाकीच्या लबाड्या बघून घ्यायला घड्याळ समर्थ आहे.