कव्हरेजराव

हिंजवडीतल्या कुठल्याही आयटी कंपनीत, कुठल्याही मजल्यावर कव्हरेजराव हमखास भेटतो. बग सापडल्याची बातमी आली की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं : 'पण टेस्ट कव्हरेज तर ९१ टक्के आहे!'

पूर्वी युनिट टेस्टचं नाव काढलं की त्याच्या पोटात दुखायचं. केंट बेक आणि एरिक गॅमा यांनी १९९७ साली विमानात बसल्या बसल्या युनिट टेस्टसाठीचं जेयुनिट लिहायला घेतलं. याला एसीत बसून एक टेस्ट लिहायला अख्खा स्प्रिंट पुरायचा नाही. मग एआय असिस्टंट आला आणि स्वारीला कंठ फुटला.

आता तो विम्याच्या लाखो ओळींच्या जुनाट प्रणालीतली एखादी फाइल उघडतो, 'या क्लासच्या सगळ्या टेस्ट लिही, प्लीज' असं टाइप करतो आणि चहाला जातो. (ते 'प्लीज' फक्त असिस्टंटला. ज्युनियर मंडळींच्या वाट्याला ते अजून आलेलं नाही.) परत येईस्तोवर टेस्टांचा ढीग तयार. डेटाबेस मॉक, म्हणजे नकली; तारीखही मॉक. एका टेस्टमध्ये तर मॉकने मॉकला विचारलं आणि मॉकनेच होकार दिला. कोडची गुणवत्ता तपासणाऱ्या सोनारक्यूबचा ८० टक्के कव्हरेजचा अडसर आरामात पार.

त्या विमा प्रणालीत ज्येष्ठांची सवलत वयाची साठ पूर्ण झाल्यावर लागू व्हायची, पण कोडमध्ये होतं 'साठपेक्षा जास्त'. असिस्टंटला नियम कुणी दाखवलाच नव्हता. त्याने कोड वाचून इमानेइतबारे टेस्ट लिहिली : वय बरोबर साठ असेल तर सवलत मिळता कामा नये. आरोपीनेच पढवलेला साक्षीदार, तो कशाला उलटतोय!

ग्राहकांच्या तक्रारी आल्या. एका ज्युनियर मुलीने तिथे बरोबरचं चिन्ह जोडलं आणि टेस्ट लाल झाली.

'अगं, चालू टेस्ट मोडलीस तू!'

'सर, टेस्टच चुकीची आहे.'

'इतके महिने हिरवी होती ती!'

प्रकरण असिस्टंटकडे गेलं. त्याने आधी माफी मागितली, मग अपेक्षित उत्तराची ओळ उडवून 'उत्तर रिकामं नसावं' एवढीच अट ठेवली. टेस्ट हिरवी. कव्हरेज मोजणारं टूल कोडची ओळ चालली की नाही एवढंच बघतं. उत्तर कुणी तपासलं का, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. आकडा जागचा हलला नाही.

'सर, म्यूटेशन टेस्टिंग करून बघू या?' मुलगी म्हणाली. 'ते मुद्दाम कोड बिघडवतं आणि टेस्टना पत्ता लागतो का, ते बघतं.'

कव्हरेजरावचा चेहरा उतरला. 'मुद्दाम? रिलीजच्या आठवड्यात?'