पळसदरी : झाली बघून!

माणसाने मरण्यापूर्वी काय काय बघायला हवं, याच्या याद्या हल्ली दर आठवड्याला निघतात. त्यांत पॅरिसचा मनोरा असतो, चीनची भिंत असते, सिंगापूरचं रॅफल्स हॉटेल असतं, आणि अलीकडे अशाच एखाद्या यादीच्या स्वस्त आवृत्तीत आमची पळसदरीही असते. 'मुंबईजवळचं अज्ञात स्वर्गस्थान' असं आमचं वर्णन येतं. अज्ञात कुणाला, ते विचारायचं नाही. गावात स्टेशन आहे, स्वामी समर्थांचा मठ आहे, बाजूला सोनगिरी किल्ला आहे, आणि महावितरणला तर आम्ही दर महिन्याला न चुकता सापडतो.

पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी खोपोली लोकल आली की फलाटावर स्वर्गाचे उमेदवार उतरतात. पाठीवर सॅक, सॅकमध्ये छत्री. छत्री उघडायची नसते, कारण मग व्हिडिओत पाऊस दिसत नाही. मंडळी धरणाकडे निघतात. हे धरण रेल्वेने बांधलं, वाफेच्या इंजिनांना घाट चढण्याआधी पाणी लागायचं म्हणून. इंजिनं पाणी प्यायची आणि कामाला लागायची. त्यांच्यानंतर इथे थांबून काही प्यायला येणाऱ्यांबद्दल तसं म्हणता येत नाही. शिवाय इंजिनांनी रिकाम्या बाटल्या कधी बांधावर फोडल्या नव्हत्या.

परवा असाच एक तरुण जवळ आला. "काका, हा स्पॉट कुठे आहे?" त्याने मोबाइल पुढे केला. फोटोत धबधबा होता. तो ज्याच्याकडे पाठ करून उभा होता, तोच.

"हा काय, तुझ्या मागे."

त्याने वळून पाहिलं, पुन्हा मोबाइलमध्ये पाहिलं. "नाही हो, यात पाणी निळं आहे."

आमचं पाणी पावसाळ्यात चहाच्या रंगाचं असतं. डोंगराची माती धुऊन येते, त्याला आमचा इलाज नाही. मी तसं सांगितलं. तो बराच हिरमुसला. मग मित्रांशी बोलून त्याने फोटो काढला, तिथल्या तिथे निळा केला, आणि समाधानाने निघून गेला. पळसदरी झाली बघून.

यात पोरांचा काय दोष? यादीच अशी असते की ठिकाण तिच्याशी जुळलं पाहिजे. यादीने ठिकाणाशी जुळायचं काही कारण नाही.

आता आमच्या घाटाचंच घ्या. पळसदरी सोडली की पुण्याकडचा रूळ बोरघाट चढायला लागतो. सदतीस फुटांना एक फूट असा चढ. कर्जतला गाडीच्या शेपटीला जादा इंजिनं लागतात, त्यांना बँकर म्हणतात, आणि ती गाडीला ढकलत लोणावळ्यापर्यंत नेतात. या घाटाचं काम १८५६ साली सुरू झालं आणि १८६३ साली गाडी वर गेली. मधल्या वर्षांत पटकी, ताप, दरडी आणि सुरुंगांनी हजारो मजूर मेले. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार १८५९ साली विलायतेहून आला आणि आल्यावर थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला. त्याच्या बायकोने, अॅलिस ट्रेडवेलने, गाशा गुंडाळून परत जायचं सोडून कंत्राट स्वतःकडे घेतलं आणि काम तडीस नेलं. असं काही परदेशात घडलं असतं तर तिथे संग्रहालय असतं, संग्रहालयाला तिकीट असतं, आणि आपण ते तिकीट सहा महिने आधी काढलं असतं.

याउलट स्वित्झर्लंडचं युंगफ्राउयोख. तिथली आगगाडी ३,४५४ मीटर उंचीवर जाते, ती सुरू झाली १९१२ साली, म्हणजे आमच्या घाटानंतर ४९ वर्षांनी. त्यांनी केलं ते अचाटच, त्यात शंका नाही. पण पुण्याचं कुटुंब ते बघायला निघतं तेव्हा मुंबईच्या विमानतळाकडे जाताना याच घाटातून उतरतं, आणि मंडळी गाढ झोपलेली असताना मंकी हिल, ठाकूरवाडी, पळसदरी ही सगळी स्टेशनं निघून जातात. जागा असतो तो एकटा मुलगा. तो मोबाइलवर स्विस आगगाडीचा व्हिडिओ बघत असतो. पुढे त्या बर्फाच्या माथ्यावर पोचल्यावर हे कुटुंब पहिली चौकशी करतं ती भारतीय जेवणाची. ते तिथे मिळतं. मग सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि बर्फाकडे लक्ष जातं.

यादीची ही ताकद रेल्वेनेही ओळखली. २०२१ साली डेक्कन एक्स्प्रेसला आणि पाठोपाठ दख्खनच्या राणीला काचेच्या छपराचा डबा जोडला. घाट तोच, बोगदे तेच, फक्त वर काच. लगेच तो डबा यादीत गेला. पास काढून याच घाटातून वर्षानुवर्षं पुण्या-मुंबईला जाणाऱ्यांना आपण रोज एक जागतिक अनुभव घेत होतो, हे तेव्हा कळलं. तोवर ते त्याला कटकट म्हणत.

यादी करायची खोड आपल्याला इंग्रजांनी लावली असंही नाही. चारधाम, बारा ज्योतिर्लिंगं, अष्टविनायक. आपल्या पूर्वजांनी आकडे आधीच ठरवून ठेवले होते. अष्टविनायकांतला महडचा वरदविनायक आमच्या शेजारच्या खालापूर तालुक्यातच आहे. शास्त्राप्रमाणे यात्रा मोरगावला सुरू करून मोरगावलाच संपवायची. आता मात्र बसचा मार्ग डिझेल ठरवतं. दोन दिवसांत आठ गणपती, म्हणजे महडला बस थांबल्यावर पहिला प्रश्न "रांग किती?" आणि दुसरा "स्वच्छतागृह कुठे?" गणपतीचा नंबर त्यानंतर. तरी तो रागावत नाही.

खरा प्रवासी आमच्या जिल्ह्यात एकच झाला, तो पेण तालुक्यातल्या वरसईचा विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज, म्हणून १८५७ साली ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने गडी उत्तरेला पायी निघाला. गंगास्नान, तीर्थं, चार पैसे, एवढीच यादी. वाटेत बंड उसळलं आणि हा थेट झाशीच्या वेढ्यात सापडला. यादीत नसलेलंच सगळं बघून, लुबाडला जाऊन, गंगेची कावड मात्र सांभाळून घरी आला. त्याने लिहिलेला 'माझा प्रवास' छापून आला १९०७ साली, तोही लेखक गेल्यानंतर. आमच्याकडे हल्ली विमान उतरायच्या आत प्रवासवर्णन प्रसिद्ध झालेलं असतं, आणि त्यावर मामेबहिणीने 'वॉव' लिहिलेलंही असतं.

हॉटेलांचं प्रकरण आणखी नाजूक आहे. आमच्या आळीत एक काका आहेत. रेल्वेत की-मन होते. की-मन म्हणजे खांद्यावर हातोडा घेऊन ठरलेला पट्टा पायी चालायचा, रुळाच्या चाव्या सैल झाल्या असतील तिथे ठोकायच्या, आणि भर पावसात दरडीवरही डोळा ठेवायचा. ज्या घाटासाठी लोक काचेच्या डब्याचं तिकीट काढतात तो घाट काकांनी बुटांखाली घातला. त्यांच्या यादीत एकच गोष्ट होती : ताजमहाल हॉटेलात बसून एक कप चहा. निवृत्त झाल्यावर काकूंना घेऊन गेले. गेटवेवर नेहमीची गर्दी होती. काकूंना वाटत होतं की आधी गेटवे झाला आणि मग समोर हॉटेल आलं. काकांनी तिथेच त्यांना समजावलं, "अगं, हॉटेल १९०३ सालचं. कमान पुरी झाली १९२४ साली. कमानच हॉटेलासमोर आली."

आत गेल्यावर काकांचं लक्ष चहाकडे नव्हतंच. मधला मोठा जिना बघून ते थबकले. मजल्यामागून मजले चढत जातो आणि खाली आधाराला खांब दिसत नाही. काकांनी वाकून पायऱ्यांची खालची बाजू पाहिली, कठड्याच्या लोखंडावर बोट फिरवलं, सांधा कुठे बसलाय ते शोधलं. एक कर्मचारी अदबीने विचारायला आला, काही हवंय का? काका म्हणाले, "हा उभा कशावर आहे?" तो बिचारा गोंधळला. जिन्यावर उभं राहून फोटो काढणारे त्याच्या रोजच्या सवयीचे. जिन्याखाली शिरणारं हे गिऱ्हाईक नवीन असावं.

काकूंचं मत वेगळं पडलं. "दूध वेगळं दिलं, साखर वेगळी दिली, पाणी वेगळं दिलं. चहा आपल्यालाच करायचा होता तर घरी नसता केला?" फोटो दोघांनीही काढला नाही. त्यामुळे ते ताजला गेले होते यावर आळीत निम्म्या लोकांचा अजून विश्वास नाही.

इकडे मुंबईकर उलट दिशेने काकांच्या गावाकडे येतात. कर्जत परिसरातल्या रिसॉर्टमध्ये राहणं हीसुद्धा आता यादीतली बाब आहे. तिथे पोहण्याचा तलाव धरणाशेजारी असतो, म्हणजे पाण्याकडे बघत पाण्यात बसता येतं. जेवणात 'अस्सल रानभाजी' असते. जूनमध्ये ठाकर-कातकरी बाया पहाटे डोंगरात जाऊन शेवळं आणतात आणि कर्जतच्या बाजारात वाटा लावून बसतात. तिथे "पाच रुपये कमी कर ना मावशी" म्हणणारी व्यक्ती रात्री तीच भाजी काळ्या दगडाच्या ताटलीत आल्यावर दराबद्दल चकार शब्द काढत नाही.

आणि नावं कोरायची हौस. राजमाच्याच्या पायथ्याला कोंडाण्याची लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या एका लेखात ब्राह्मी लिपीत, मोजक्या शब्दांत कोरलंय की हे काम कण्हाचा शिष्य बलक याने केलं. अख्ख्या डोंगरात कोरीव काम करून माणसाने एवढंच लिहिलं, त्यातही गुरूचं नाव आधी घातलं. आपण वेफर्सचं पाकीट संपवून, त्याच पाकिटाशेजारी, बदामाच्या चित्रासह आपलं आणि आणखी एकाचं नाव कोरतो. पुढच्या इतिहास संशोधकांनी यावरून आपल्या काळाबद्दल जे काही अनुमान काढायचं ते काढावं, माझी हरकत नाही.

तर यादीवाल्यांनो, पळसदरीला जरूर या. मात्र पावसाळ्यात धबधब्यांवर आणि धरणांवर बंदीचे आदेश निघतात, ते तुम्हालाही लागू असतात. तुम्ही बुडलात की भर पावसात दोर घेऊन शोधायला गावातलीच पोरं उतरतात, आणि त्यांच्या यादीत हे काम नसतं. आणलेलं प्लास्टिक परत न्या. पाणी निळं नाही म्हणून तक्रार करू नका. आणि परतीची खोपोली-कर्जत गाडी चुकवू नका. दुसरीची वाट बघत फलाटावर बराच वेळ काढावा लागतो, आणि तो अनुभव अजून कुठल्याही यादीत आलेला नाही.