डेडस्टॉक क्रमांक ११

मीरा रोडच्या सोसायटीत सेक्रेटरी होणारा माणूस एकतर निवृत्त असतो, नाहीतर ज्या सभेत निवड झाली त्या सभेला गैरहजर असतो. आमचे सेक्रेटरी पहिल्या प्रकारातले. मुंबईच्या ड्रेनेज खात्यात हयात गेली, पेन्शन सुरू झाली, आणि इतर निवृत्त मंडळी ज्या उत्साहाने भजनीमंडळाला लागतात त्या उत्साहाने ते आमच्या लॉबीच्या मागे लागले. लॉबी म्हणजे लिफ्टसमोरची जागा. पत्रपेट्या, थकबाकीदारांची यादी, पाणी सोडण्याच्या वेळेची पाटी आणि ‘कुणाला तरी लागेल’ म्हणून कुणीतरी आणून ठेवलेला तीन पायांचा टीपॉय, एवढा तिथला ऐवज.

या जागेत कला यायला निमित्त झालं बी विंगमधल्या मुलीचं. ती जे.जे.त सिरॅमिक शिकते. तिथलं वार्षिक प्रदर्शन संपलं की केलेलं काम घरी न्यायचं, आणि वन बीएचकेत घर म्हणजे आईच्या ताब्यातला माळा. एकेक नग चादरीत गुंडाळायचा, चर्चगेटला लगेजच्या डब्यात चढवायचा, कोळणींच्या रिकाम्या पाट्यांमध्ये बसून मांडीवर सांभाळत आणायचा, आणि आईने दारातच विचारायचं, “आता हे ध्यान कुठे ठेवू? माझ्या डोक्यावर?”

“लॉबीत ठेवा,” जिन्यातून आवाज आला. सेक्रेटरी वरच्या टाकीची पातळी बघून उतरत होते.

हा माणूस कलेतला नव्हे. पण मुलीने भाईंदरच्या मिठागरांवर काम केलं होतं आणि बोलता बोलता ती ‘सॉल्ट ग्लेझ’ म्हणून गेली. म्हणजे भट्टी बाराशे अंशांच्या घरात तापली की आत मीठ टाकायचं. त्याची वाफ मातीतल्या सिलिकाला धरते आणि काचेसारखा थर चढतो. सेक्रेटरींचा चेहरा उजळला. सांडपाण्याचे जुने स्टोनवेअर पाईप असेच तर असत! “अगं पोरी, हे तर मी जन्मभर रस्त्याखाली पुरलं!”

त्या दिवसापासून ते स्वतःला या क्षेत्रातले जाणकार समजतात. पाईप ताब्यात घेताना ते हातोडीने हलकेच ठोकून बघायचे. खणखणीत वाजला की भाजणी पक्की, भद्द वाजला की कुठेतरी तडा. आता हातोडीऐवजी मधल्या बोटाचं पेर. कुठलंही शिल्प समोर आलं की ते कान टेकवतात, डोळे मिटतात, तीनदा टिचकी मारतात आणि मग निकाल देतात. मुलीच्या मित्राने एकदा आपल्या अमूर्त घडणीमागचा विचार त्यांना सविस्तर सांगितला. ते म्हणाले, “विचार ठीक आहे. पण तळाशी कच्चं राहिलंय.” राहिलं होतं.

अभ्यासही वाढवला. भायखळ्याला राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जाऊन आले. जे.जे. १८५७ साली सुरू झालं, पुढे तिथल्या टेरीसाहेबांनी मातीकामाची भट्टी पेटवली, अजिंठ्याची चित्रं सुरया-फुलदाण्यांवर चढली आणि त्या थेट लंडनच्या संग्रहालयात जाऊन बसल्या, हे सगळं ते मेंटेनन्सचा चेक द्यायला आलेल्या सभासदाला उभ्याउभ्या ऐकवतात. आमच्याकडे ऑनलाइन पैसे भरणारे वाढले ते यामुळेच. भायखळ्याची एक खंत मात्र त्यांच्या मनात आहे: सगळं काचेआड होतं, वाजवून बघता आलं नाही.

आता कुणी विचारेल, सभासदांनी हे मंजूर कसं केलं? वार्षिक सभेला कोरम भरला नाही, तर अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा घेता येते आणि मग कोरमची अट नसते. आमच्या इमारतीतली कला या अर्ध्या तासात वाढली. सातला तीन माणसं, साडेसातला चार (चौथा वडे घेऊन आलेला), आणि ठराव एकमताने मंजूर.

मंजुरीनंतर नोंद. प्रत्येक शिल्प डेडस्टॉक रजिस्टरात चढलं. खुर्च्या, शिडी, पाण्याचा पंप आणि त्याखाली मिठागर. मुलीने नाव दिलं होतं ‘अनटायटल्ड’. सेक्रेटरींनी लिहिलं, ‘नाव : अद्याप ठरलेले नाही. नग १. आवाज : उत्तम.’ ऑडिटरने यावर घसारा किती टक्के धरायचा ते विचारलं. “कलेची किंमत वाढत जाते,” सेक्रेटरी म्हणाले. “मग वाढीवर टॅक्स दाखवा,” ऑडिटर म्हणाला. शेवटी फर्निचरखाली दहा टक्क्यांवर तोडगा निघाला. मिठागर आता दर वर्षी थोडं थोडं झिजतं, कागदोपत्री.

सभासदांनी कलेला आपापल्या परीने आपलंसं केलं. उंच नळीसारख्या शिल्पात पावसाळ्यात छत्र्या उभ्या राहिल्या. पसरट थाळीत कुरिअरवाल्यांनी चाव्या आणि चिठ्ठ्या टाकल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या वास्तुतज्ज्ञाने सांगितलं की मातीची जागा नैऋत्येला. आमच्या नैऋत्येला मीटररूम आहे. त्यामुळे दोन उत्कृष्ट कलाकृती सध्या फक्त बिलाचं रीडिंग घेणारा माणूस बघतो. तो मन लावून बघतो म्हणतात.

सेक्रेटरी या कशाने डगमगले नाहीत. ते डगमगले परवा, पुनर्विकासाच्या सभेत. या सभेला अर्ध्या तासाची सोय नसते. दोनतृतीयांश माणसं लागतात, आणि ती आली. एरवी लिफ्टमध्येही न दिसलेली माणसं मुलाबाळांसकट आली. बिल्डरने दुमजली उंचीच्या लॉबीचं चित्र पडद्यावर दाखवलं. सेक्रेटरींनी हात वर करून भिंतीत दिव्यांसह अकरा कोनाडे मागितले, कारण रजिस्टरात अकरा नग आहेत. मागून आवाज आला, “काका, कोनाडे नकोत, तेवढा कार्पेट एरिया वाढवून घ्या!” टाळ्या पडल्या. बी विंगमधल्या आईनेही वाजवली.

बिल्डरच्या माणसाने वातावरण निवळावं म्हणून फरशीचे नमुने फिरवले. सगळ्यांनी रंग बघितला, किंमत विचारली, वा वा केलं. नमुना सेक्रेटरींपर्यंत आला. त्यांनी तो हातावर तोलला, कानाशी नेला, डोळे मिटले. टिचकी मारली. सभागृह गप्प.

“भद्द,” ते म्हणाले. “दुसरी आणा.”

बिल्डरच्या माणसाने मुकाट्याने बॅगेतून दुसरी काढली. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “काका, स्लॅबपण वाजवून घ्या!”