दीपोत्सवाधिपतींस अनावृत पत्र

प्रति,
दीपोत्सवाधिपती, भोंगाभूषण, आमच्या सोसायटीतील साडेतीनशे सीसीवाले


आपण पुढच्या महिन्यात लडाखला निघालात, हे आता कुणी सांगायची गरज उरलेली नाही. क्रॅश गार्डवर दोन फॉग लाइट चढले, त्यांच्यावर पिवळ्या काचा चढल्या. हँडलवर मोबाइलचा चार्जर आला, त्याच्या शेजारी कॅमेऱ्याचा आला. मुठी गरम करणाऱ्या ग्रिप आल्या, कॉम्प्रेसरवाला भोंगा आला आणि इंजिनाखाली निळ्या-जांभळ्या दिव्यांची माळ आली. ती माळ लडाखात नेमकी कोणासाठी, हे मला उमगलेले नाही. बहुधा याकांसाठी असावी. या सगळ्या वैभवाबद्दल प्रथम आपले अभिनंदन. आता एक क्षुद्र, कारकुनी शंका: एवढी वीज येणार कुठून?

‘बॅटरीतून’, असे आपण वॉचमनला ऐकवलेत, आणि पुरी पडावी म्हणून गॅरेजवाल्याकडून मोठी बॅटरीही टाकून घेतलीत. आपल्या इमारतीच्या गच्चीवर दोन वर्षांपूर्वी अशीच मोठी टाकी बसवली होती. महापालिकेचे पाणी तेव्हाही एक तास येत होते, अजूनही एकच तास येते. टाकी मोठी झाल्याने कोरडी पडायला थोडा जास्त वेळ लागतो आणि भरायलाही जास्त वेळ लागतो, एवढाच काय तो लाभ.

वीज बॅटरीत तयार होत नाही, आपल्या डाव्या किंवा उजव्या पायाजवळच्या झाकणाखाली होते. तिथे क्रँकवर बसवलेला चुंबक तांब्याच्या वेटोळ्यांभोवती फिरतो. या वेटोळ्यांच्या चकतीला गॅरेजात कॉइल प्लेट म्हणतात. तिच्यातून निघणारी उलटसुलट वीज रेग्युलेटर सरळ करतो आणि चौदा-साडेचौदा व्होल्टवर आवरून धरतो. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेली अट लडाखच्या मोहिमेसाठीसुद्धा कुणी शिथिल केलेली नाही: चुंबक जितका जोरात फिरेल तितकी वीज. कंपनीच्या पुस्तिकेत छापलेला वॅटचा आकडा बहुधा चार-पाच हजार फेऱ्यांचा असतो. सिग्नलला गाडी गुरगुरत उभी असते तेव्हा त्यातला निम्मा हाती लागला तरी नशीब.

आपण हिशेबाला बसलेला नसणार, म्हणून मी बसलो. आकडे ढोबळ आहेत, पण नीयत साफ आहे. समजा आपली गाडी हायवेच्या वेगात २०० वॅट देते. त्यातून हेडलाइट ५५ ते ६० वॅट घेतो. तो बंद करून बचत करू म्हणाल, तर १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो आणि त्याला बटणच नसते. मग पेट्रोलचा पंप, इंजेक्टर, स्पार्कची कॉइल, इंजिनाचा संगणक, एबीएस, मीटर, मागचा दिवा. ही घरची मंडळी मिळून १३० वॅट संपवतात. उरले ७०. आता पाहुणे मोजू. फॉग लाइट खरोखरचे ४० वॅटचे दोन, म्हणजे ८०. (खोक्यावर १२० छापले असेल; त्या छपाईवर विश्वास ठेवणारा माणूस फार सुखी असतो.) गरम ग्रिप ३६, चार्जर मिळून २८, याकांची माळ १०. बेरीज १५४. शिल्लक ७०, खर्च १५४, तूट ८४ वॅट. १२ व्होल्टला ती ७ अँपिअर होते. आपली बॅटरी ९ अँपिअर-तासांची धरली, तर हायवेला पूर्ण वेगात गाडी हाकत असताना सव्वा तासात ती रिकामी.

हे सुखाच्या रस्त्यावरचे झाले. आता ताम्हिणी घाट घेऊ, कारण लडाखची तालीम म्हणून येत्या शनिवारी आपण तिकडेच निघाला आहात. पाऊस, धुके, समोर ट्रक, दुसरा गिअर, इंजिन जेमतेम गुरगुरते आहे, म्हणजे वीज १२०च्या आसपास. आणि धुके आहे म्हणून फॉग लाइट लागलेले, गारठा आहे म्हणून ग्रिप लागलेल्या, ब्रेकवर पाय म्हणून मागचा २१ वॅटचा बल्ब पेटलेला, इंडिकेटर चालू, अंगठा भोंग्यावर. हा भोंग्याचा कॉम्प्रेसर वाजतो तेवढ्यापुरता १५ ते २० अँपिअर ओढतो. ज्या घडीला सर्वांत जास्त मागणी, नेमक्या त्याच घडीला सर्वांत कमी पैदास. ब्रेक, इंडिकेटर आणि भोंगा हिशेबात न धरताही बॅटरीवर चाळीसच मिनिटे निघतील असे कागदावर दिसते. इतक्या वेगाने उपसल्यावर शिसे-आम्ल बॅटरी छापील क्षमतेएवढी देत नाही, म्हणून त्याच्याही आधी. मग चहाला थांबाल, परत येऊन सेल्फ माराल, आणि ‘टक’ एवढाच आवाज येईल. जुन्या गाडीला किक होती. आपल्या गाडीला नाही. ढकलूनही उपयोग नाही, कारण पेट्रोल वर चढवणारा पंपच विजेवर चालतो. तेव्हा ते धुके, तो घाट आणि ती माळ यांचा आस्वाद घेत उभे राहावे.

इथे आपल्या गॅरेजवाल्याचे एक वाक्य मी आदराने खोडतो. ‘लोड वाढला की कॉइल प्लेट जळते’, असे तो सांगतो. साध्या शंट रेग्युलेटरच्या गाडीत, आणि बहुतेक गाड्या त्याच जातीच्या, हे खरे नाही. चारचाकीत चुंबकत्व विजेवर चालते, त्यामुळे गरज नसली की ते कमी करता येते. दुचाकीत चुंबक कायमचा. त्याला आवरता येत नाही. जास्तीची वीज रेग्युलेटर कॉइलमध्येच शॉर्ट करून परत पाठवतो आणि त्या उष्णतेपायी त्याच्या अंगावर पट्ट्यापट्ट्या असतात. म्हणजे आपण दिवे लावा अगर लावू नका, कॉइल बिचारी सदैव पूर्ण ताकदीने राबत असते. मरते ती बॅटरी. रोज अर्धपोटी राहून तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक थर बसतात, आणि मग नवी बॅटरी टाकूनही सहा महिन्यांत तेच रडगाणे. दुसरा मरतो तो कपलर. कॉइल आणि रेग्युलेटर यांच्यामधला तो प्लॅस्टिकचा कपलर काळवंडला असेल तर समजावे की भार कुठे बसतो आहे. नव्या काही गाड्यांत सीरिज जातीचा रेग्युलेटर असतो, तिथे मात्र भार खरोखरच कॉइलपर्यंत पोचतो. आपली गाडी कोणत्या जातीची, हे आपण विचारलेले नसणार. ग्रिपचा रंग मात्र विचारला होता.

दिवे जोडले कसे, हे पाहण्याचा मोह मला आवरला नाही. सीट उघडी होती. हॉर्नच्या वायरला ब्लेडने सोलून तिथून टॅप मारला आहे, वर चिकटपट्टी आहे आणि फ्यूज दोनदा उडाला म्हणून त्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी आहे. गॅरेजच्या भाषेत याला ‘डायरेक्ट केले’ म्हणतात. फ्यूज दिव्याचे रक्षण करत नाही, वायरचे करतो. चांदी घातल्यावर उडायची वेळ वायरवर येते, आणि ती वायर पेट्रोलच्या टाकीखालून गेली आहे. एवढे मी गांभीर्याने सांगतो. बाकीचे पत्र हवे तर हसण्यावारी न्यावे.

शिवाय ती वायर आहे पाऊण चौरस मिलिमीटरची. १० अँपिअर त्यातून दोन मीटर जाऊन परत आले की जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच गळतो. म्हणजे दिवा मंद, वायर गरम. अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर गळती पाव व्होल्टवर येते. जोडणीही अवघड नाही. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली वायर, टोकाजवळच १० अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या ३० आकड्याच्या पायावर, ८७ वरून दिव्याकडे, ८५ अर्थला, ८६ पायलट लाइटच्या वायरवर, मध्ये हँडलवरचा स्विच. किल्ली बंद केली की सगळे बंद. हे वाक्य कागदावर लिहून गॅरेजवाल्याच्या हातात द्यावे आणि तो ‘काही गरज नाही साहेब’ म्हणाला तर गाडी दुसरीकडे न्यावी.

किल्ली बंद केल्यावरही चालू राहणारे पाहुणे वेगळेच. चोरीसाठी बसवलेला ट्रॅकर आणि थेट बॅटरीवर जोडलेला चार्जर मिळून ५० मिलीअँपिअर खात असतील तर दिवसाला जवळपास सव्वा अँपिअर-तास गेला. चार दिवस गाडी उभी राहिली की निम्मी बॅटरी संपली, आणि निम्म्या बॅटरीवर सेल्फ उचलेलच असे नाही. लेहच्या गारठ्यात तर विचारूच नये. शून्य अंशाला बॅटरीची ताकद अशीही पाचव्या हिश्शाने घटते.

भोंग्याचे कायदेशीर अंग मी आपल्यावरच सोडतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११९वा नियम एकामागून एक सूर काढणाऱ्या आणि कर्कश भोंग्यांना मनाई करतो. आपल्या भोंग्याला सूर आहेत की नाहीत, हे पहिल्या मजल्यावरच्या आजींना विचारावे.

खर्च कुठे करावा, हेही न विचारता सांगतो. फॉग लाइट ठेवावेत, पण २० वॅटचे दोन. ग्रिप ठेवाव्यात, पण लेहला पोचेपर्यंत बंद. चार्जर एकच. माळ काढावी. इंडिकेटर आणि मागचा दिवा एलईडीचे करून थोडे वॅट वाचतात. इंडिकेटर त्यानंतर वेड्यासारखे भराभर उघडमीट करू लागले तर फ्लॅशर बदलावा. हेडलाइटमध्ये मात्र बाजारातला एलईडी बल्ब खुपसू नये. वॅट निम्मे होतील, पण हॅलोजनसाठी घडवलेल्या आरशातून तो प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आणि याहून जास्त दिवे हवेतच असतील, तर ५१० वॅटचा आल्टरनेटर असलेली एखादी वापरलेली बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस घ्यावी. पार्किंगची जागा पुरेल की नाही, ते मी सेक्रेटरींशी बोलतो.

एक गोष्ट मात्र आपल्या गाडीवर कुठेच दिसली नाही. जुन्या बुलेटच्या हेडलाइटच्या डोक्यावर एक छोटा अँपिअर मीटर असे. काटा अधिकाकडे झुकला की बॅटरी भरते आहे, उणेकडे झुकला की रिती होते आहे. चालवणाऱ्याला एवढे पुरे होई. आपल्या गाडीवर इतकी उपकरणे आहेत, पण व्होल्ट दाखवणारा दोनशे-तीनशे रुपयांचा मीटर नाही.

म्हणून एक विनंती. शनिवारी निघण्यापूर्वी गाडी सुरू करावी, सगळे पाहुणे चालू करावेत आणि बॅटरीच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावावा. गाडी गुरगुरत असताना एकदा वाचावे, तीन-साडेतीन हजार फेऱ्यांवर एकदा. वरच्या फेऱ्यांवर साडेतेराच्या वर असेल तर हे पत्र खुशाल फाडून टाकावे. तेराच्या खाली असेल तर एकेक उपकरण बंद करत जावे आणि आकडा जिथे सुधारेल तिथे थांबावे. त्यानंतर बंद राहिलेली सगळी उपकरणे घरी ठेवून निघावे. मल्टिमीटर नसल्यास माझा घेऊन जावा. गेल्या वेळी नेलेला पाना अजून परत आलेला नाही, एवढे लक्षात असू द्यावे.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
पलीकडच्या पार्किंगमधला