नानांचं फडकं

आमच्या सोसायटीत कुणी नवी गाडी आणली की पहिला पेढा देवाला, दुसरा वॉचमनला आणि तिसरा नानांना. पहिले दोघं पेढा घेऊन गप्प बसतात.

नाना पेढा तोंडात टाकतात, लेंग्याच्या खिशातून पिवळं फडकं काढतात, ते गाडीच्या पुढच्या दिव्यावर टेकवतात आणि तिच्या अंगावरून मागच्या दिव्यापर्यंत एका दमात ओढत नेतात. फडकं मध्ये कुठे अडलं की तिथेच थांबून मालकाकडे बघतात. ते बघणं मी स्वतः सोसलेलं आहे. बोलत काहीच नाहीत, पण आपण पाच वर्षांच्या हप्त्यांवर काय घेऊन बसलो ते आपल्याला लख्ख समजतं.

नाना पिंपरीतल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झाले. चौतीस वर्षं टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपर यांच्याशी संसार केला. वरच्या खिशात पेन्सिल आणि खालच्या खिशात फडकं हा त्यांचा पोशाख आजही आहे. प्राधिकरणातल्या बागेत फिरायला जातानाही तो बदलत नाही. गाड्यांवर मत असणारी माणसं निगडीत पैशाला पासरी मिळतील. पण त्यांची मतं म्हणजे 'ॲव्हरेज किती देते' आणि 'रीसेलला काय येईल'. नानांना त्यात गम्य नाही. "ॲव्हरेज पंपावर कळतं," ते म्हणतात, "तू मला आकाराचं बोल."

आणि आकाराबद्दल बोलायचा अधिकार त्यांच्या मते गाडी घेणाऱ्याला नाहीच. तो धुणाऱ्याला. पहाटे साडेपाचला आमच्याकडे गाड्या धुणारा मुलगा येतो, त्याला नाना तज्ज्ञ मानतात. बादली भरेपर्यंत त्याची मुलाखत चालते. एकदा त्याने सांगितलं, की अमक्या गाडीच्या पुढच्या जाळीतच रोज दहा मिनिटं जातात, पावसाळ्यात पंधरा. नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? हे कुठल्या मासिकात छापून आलंय?"

या कसोटीवर ॲम्बेसेडर पहिल्या वर्गात पास. "म्हशीच्या पाठीवरून हात फिरवावा तसं फडकं जायचं," असं सांगताना त्यांचा हात हवेत खरोखरच एका म्हशीवरून फिरतो. इंग्लंडातली मॉरिस ऑक्सफर्ड आपल्याकडे १९५७ च्या सुमारास ॲम्बेसेडर झाली आणि उत्तरपाड्याच्या कारखान्यातून २०१४ पर्यंत बाहेर पडत राहिली. "एवढ्या वर्षांत तिच्या अंगाला कुणी हात लावला नाही. बदलल्या त्या जाळ्या." (इंजिनही बदललं होतं. पण इंजिन फडक्याच्या वाटेत येत नाही.) प्रीमियर पद्मिनीलाही तोच मान. शिवाय तिचा गिअर हँडलपाशी असल्यामुळे पुढे सलग बाक मिळायचा, आणि मुंबईच्या टॅक्सीत ड्रायव्हरच्या शेजारी दोघं मांडीला मांडी लावून बसायचे. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वयाची वीस वर्षं भरून रस्त्यावरून गेली, त्या दिवशी नानांनी मला पेपर वाचून दाखवला. पूर्ण. मधल्या जाहिरातीसकट.

मी गाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा नाना शोरूममध्ये बरोबर आले. म्हणजे मी नेलं नव्हतं; ते खाली येऊन माझ्या स्कूटरवर आधीच बसले होते. शोरूममधला मुलगा टाय सावरत म्हणाला, "सर, हिचा लुक बघा, एकदम ॲग्रेसिव्ह."

"कुणावर?" नानांनी विचारलं.

मुलगा हसला. नाना हसले नाहीत.

"नाही, कुणावर रागावली आहे ती? अजून तर रस्त्यावरही आलेली नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "फियाट, मारुती आठशे, या गाड्या शेजाऱ्यासारख्या बघायच्या. आताच्या सगळ्या हप्तेवसुलीला आल्यासारख्या बघतात." तेव्हापासून सिग्नलला आरशात मागची गाडी दिसली की मला उगीच कुणाचे तरी पैसे द्यायचे राहिल्यासारखं वाटतं.

मग त्यांनी दारावरून फडकं ओढलं. तीन ठिकाणी अडलं. त्या मुलाने सांगितलं, की या रेघांना 'कॅरेक्टर लाइन' म्हणतात. नानांनी फडक्याची घडी घातली. "आमच्याकडे याला इस्त्री राहिलेली म्हणतात," असं म्हणून ते शेजारच्या छोट्या सेडानकडे गेले. ती पुढून बघितली तर नीट, बाजूने बघितली तर मागे कुणीतरी विळीवर कापल्यासारखी. तिथे नानांचं खरं प्रवचन झालं. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क चोवीस टक्क्यांवरून सोळावर आणलं. छोटी कुठली, तर लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिनही ठरल्या मापाचं. झालं. २००८ मध्ये इंडिगोने शेपूट आखडलं, २०१२ मध्ये डिझायरने, आणि मग रांगच लागली. "ही डिक्कीची रेघ दिसते ना, ही डिझाइनरने मारलेली नाही. ही अर्थमंत्र्यांनी मारलेली आहे. ड्रॉइंगवर सही त्यांची हवी." शोरूममधला मुलगा एव्हाना पाणी आणायला गेला होता, तो परत आला नाही.

शेवटी मी कुठली घेतली ते सांगत नाही. पांढरी मिळत होती आणि लगेच मिळत होती. वर्षभरात तिच्या पुढच्या दिव्याचा बल्ब गेला आणि तो बदलायला गॅरेजवाल्याने अख्खा बंपर खाली उतरवून ठेवला. नाना गॅलरीतून बघत होते. तीन मजले वरून त्यांनी फक्त फडकं झटकलं.

परदेशी गाड्यांनाही नानांच्या दरबारात सूट नाही. त्यांचा भाचा टेक्सासात असतो. त्याने एकदा शेजाऱ्याच्या नव्या सायबरट्रकपाशी उभं राहून मोठ्या हौसेने व्हिडिओ कॉल लावला. नानांनी चष्मा पुसला, फोन लांब धरला, जवळ धरला. "अरे, हे कपाट आडवं का पडलंय?" भाच्याने समजावलं, की हा स्टेनलेस स्टीलचा पत्रा इतका कडक आहे की नेहमीच्या साच्यात दाबून वळवता येत नाही, म्हणून असे सपाट पैलू. नाना थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वळत नाही असा पत्रा घ्यायचा आणि न वळल्याला शैली म्हणायचं! आमच्याकडे असल्या जॉबला लाल रंग फासून रिजेक्शनच्या ढिगात टाकायचे. मामीच्या पोह्यांच्या डब्याला याहून बरा गोलावा आहे." २०१९ मध्ये ही गाडी पहिल्यांदा लोकांपुढे आणली तेव्हा न फुटणारी म्हणून सांगितलेली काच व्यासपीठावरच तडकली होती, हे नातवाने दाखवल्यावर मात्र त्यांना वाईट वाटलं. "चारचौघांत असं व्हायला नको होतं," एवढंच म्हणाले. तेही कारखान्यातले, साहेबांपुढे चाचणी फसण्याचं दुःख त्यांना ठाऊक आहे.

उलट, जगाने जिला हसून हसून गावाबाहेर काढलं ती फियाट मल्टिप्ला नानांची लाडकी. १९९८ ची ही गाडी. पुढच्या काचेखाली फुगवटा, त्यात जास्तीचे दिवे. गालफुगीची साथ आल्यासारखा चेहरा. पण आत तीन पुढे, तीन मागे, सहा जणं ऐसपैस. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९९९ मध्ये तिला प्रदर्शनात मांडलं, आणि लोक मात्र कुरूप गाड्यांच्या यादीत मांडत राहिले. अखेर २००४ मध्ये कंपनीने तो फुगवटा काढून टाकला. "घाबरले," नाना म्हणतात. "पुढे तिघं बसतात हे कुणी बघितलं नाही. नाक बघितलं. आपल्याकडे मुली बघायला जातात तसे."

इतका कडक माणूस, पण त्यालाही एक कमकुवत जागा आहे. १९९१ ची टाटा सिएरा. तिला मागे दारं नव्हती. मागच्या बाजूच्या मोठ्या काचा वर छतात वळत गेलेल्या, देखण्या, पण उघडायची सोय नाही. पुढची सीट वाकवून मागे शिरायचं आणि उन्हाळ्यात कुकरमधल्या बटाट्यासारखं बसायचं. नानांच्या एकाही नियमात ती बसत नाही. मी एकदा हे त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "त्या काचेचा वळसा बघितला आहेस तू?" मी म्हटलं, बघितला आहे. "मग?" म्हणाले, आणि विषय संपला. नवी सिएरा आली आहे, तिला मागे दारं आहेत. नाना ती बघायला गेलेले नाहीत.

ही खोड सुटत नाही म्हणजे किती? सोसायटीतल्या एका आजोबांना निरोप द्यायला आम्ही सगळे खाली उभे होतो. शववाहिनी आली. नानांनी हात जोडले, डोळे पुसले, आणि पुसून झाल्यावर शववाहिनीच्या मागच्या दाराची उंची वितीने मोजली. "पुढचे दोघं वाकतात, मागचे नाही," माझ्या कानात म्हणाले. "फळी चार बोटं खाली हवी होती." मला त्या जागी काय म्हणावं सुचेना. पण खांदा द्यायला मीच पुढे होतो आणि वाकावं लागलं, हे खरं.

तरी या सगळ्या गाड्या नानांच्या लेखी मुंडावळ्याच. डिझाइन बघायचं तर ट्रकचं, असं त्यांचं म्हणणं, आणि इथे मी त्यांना हसत नाही. जमशेदपूरला १९५४ पासून जर्मन कंपनीच्या सहकार्याने ट्रक बनू लागले, तेव्हा ट्रकला लांब नाक असायचं. इंजिन नाकात, ड्रायव्हर मागे. पुढे हिशेब झाला, की ट्रकची एकूण लांबी ठरलेली, मग नाकाची जागा फुकट का घालवायची? नाक कापलं, तेवढा हौदा वाढला, आणि इंजिन येऊन बसलं ड्रायव्हरच्या मांडीशी. "फायदा मालकाचा, चटका ड्रायव्हरचा," नाना सांगतात. त्यातून कित्येक वर्षं कारखान्यातून नुसता सांगाडा आणि पुढचा पत्राच निघायचा. केबिन बांधायची ती बॉडी बांधणाऱ्याने, फळ्या ठोकून, आपल्या मगदुराप्रमाणे. दारावर मोर, आत भाजलेला माणूस आणि गळ्यात ओला पंचा. मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी हवाच, हा नियम लागू व्हायला २०२५ उजाडलं. "मालावर ताडपत्री पहिल्या दिवसापासून होती," असं म्हणून नाना चहाचा कप खाली ठेवतात.

ट्रकांत त्यांचा मानाचा गणपती एकच, १९८६ चा टाटा ४०७. समोर चार-चार जपानी नावांचे छोटे ट्रक उभे असताना हा पुण्याचा चौकोनी गडी उतरला आणि टिकला. त्याला नाक आहे, पण बसकं. इंजिन थोडं पुढे, माणूस थोडा मागे. "कुरूप नाही तो. पाटीसारखा स्वच्छ आहे." फडकं? "एका दमात."

गेल्या महिन्यात खोपोलीला लग्न होतं. नाना पुढच्या सीटवर. जुन्या हायवेने निघालो आणि कामशेतच्या पुढे चहाला थांबलो. तिथे साखरेची पोती भरलेला एक जुना ट्रक उभा होता. मी चहा घेऊन वळलो तर नाना गायब. बघतो तर ट्रकच्या मागे वाकून फाळक्याची कडी चाचपताहेत. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की चौतीस वर्षांत नानांनी कागदावर काढलेली आणि जशीच्या तशी रस्त्यावर आलेली वस्तू एकच होती. ती कडी. चेहऱ्यावर असं काही तेज, की नातू पहिल्यांदा पायावर उभा राहिल्याच्या दिवशीही मी ते बघितलं नव्हतं.

"काका, काय हुडकताय?" ड्रायव्हर धावत आला. बार्शीचा होता. नानांनी अभिमानाने सांगितलं, की ही कडी माझ्या हातची. ड्रायव्हरने त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. मग उजव्या हाताचं मधलं बोट त्यांच्यापुढे धरलं. नख अर्धं काळं होतं.

"मग बरं झालं भेटलात. फाळका पाडताना हिच्यात बोट चेंगरतंय बघा. माझंच न्हाई, समद्यांचं."

नानांनी कडी उघडून बघितली. लावून बघितली. पुन्हा उघडली. फडकं खिशातून निघालं नाही. चहा तसाच गार झाला.

लोणावळा गेलं, खंडाळा गेलं, नाना गप्प. घाट उतरायला लागल्यावर त्यांनी वरच्या खिशातली पेन्सिल काढली. "कागद आहे?" मी स्टिअरिंग सोडू शकत नव्हतो, म्हणून म्हटलं, समोरच्या कप्प्यात बघा. त्यांनी पहिला हाताला लागला तो कागद उलटा केला आणि मांडीवर ठेवून कडी काढायला सुरुवात केली. लग्नात अक्षता पडल्या तरी चाललं होतं.

तो कागद म्हणजे माझ्या गाडीचं पीयूसी होतं. ते अजून नानांकडेच आहे. तिसरी सुधारणा चालू आहे म्हणतात.