मुकुट, सिंह आणि एक आडवा स्क्रू

जुनी लष्करी रायफल मिळवायची आणि कारखान्यातून निघाली त्या दिवशी ती जशी होती तशी करायची, हा विलायतेत केस पिकलेल्या माणसांचा आवडता छंद आहे. आपल्याकडे त्यात पैशाआधी कायदाच आडवा येतो. थ्री नॉट थ्री रायफलीचा बोअर खाजगी माणसाला बंदी असलेला. त्यामुळे नंदुरबारसारख्या ठिकाणी तिची गाठ पडायची ती एनसीसीच्या परेडला, नाहीतर बंदोबस्तावरच्या हवालदाराच्या खांद्यावर. जवळजवळ चार किलोचं ते धूड अर्धा तास खांद्यावर राहिलं की कॉलेजच्या पोराला देशभक्तीचं नेमकं वजन कळे.

दस्त्याच्या बुडाला पितळी पत्रा आणि त्यात एक छोटं झाकण. ते नखाने उघडलं की आत पितळेची तेलाची बाटली आणि नळी साफ करायची गुंडाळलेली दोरी, म्हणजे पुलथ्रू. दोरीच्या फासात चिंधी अडकवायची आणि नळीतून ओढायची. चिंधी पांढरी बाहेर येईपर्यंत उस्ताद सोडत नसत.

छंदिष्टांचा हट्ट याच्याही पुढचा. बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी ठोकलेला नंबर बॉडीच्या नंबराशी जुळलाच पाहिजे. छत्तीस गुण जुळले तरी यांचं लग्न एका स्क्रूवरून मोडतं.

या रायफलीच्या 1907 सालच्या मूळ 'मार्क थ्री' नमुन्याला डाव्या अंगाला एक चकती असे. ती 2800 यार्डांपर्यंत, म्हणजे अडीच किलोमीटरवर नेम धरण्यासाठी. एवढ्या लांबचा माणूस कुठला दिसायला. दिसलीच तर तळोद्याच्या वाटेवरची धूळ. पण सगळ्या तुकडीने मिळून तिकडे गोळ्यांचा पाऊस पाडावा, असा तो बेत होता. दुसरी गंमत कट-ऑफची. ही लोखंडी पट्टी आत सरकवली की मॅगझिन झाकलं जाई आणि शिपायाला एकेक गोळी हाताने भरावी लागे. दहा गोळ्या एकदम हाती दिल्या तर गडी उधळेल, ही सरकारी काळजी. पहिल्या महायुद्धाने दोन्हींचा निकाल लावला. 1916 मध्ये मंजूर झालेल्या मार्क थ्री स्टारमधून त्या गळाल्या. लढाईने जे निरुपयोगी ठरवलं, तेच आज महाग. मग कुणीतरी 1918 ची रायफल घेतो, तिला हौसेने चकती लावतो आणि 'आता कशी अस्सल दिसते' म्हणतो.

अस्सल म्हणजे कोणत्या सालची, हा खरा वाद. फौजेत दस्ता फुटला की दुसरा बसवत, नेमाची माशी वाकली की दुसरी लावत. इशापूरच्या कारखान्याने तर लाकूड फाटू नये म्हणून पुढच्या दस्त्यातून आडवा स्क्रू घातला. विलायती डोळ्याला तो खुपतो, पण त्या रायफलीची खरी नोकरी तोच सांगतो. एखाद्या रायफलीच्या बॉडीवर मुकुट आणि इंग्रज राजाची जी. आर. ही अक्षरं असतात, तर स्वातंत्र्यानंतर बदललेल्या भागावर अशोकस्तंभाचे सिंह. आता यातलं अस्सल कोणतं ठरवायचं?

नंदुरबारात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. 9 सप्टेंबर 1942 रोजी मुकुटाच्या पोलिसांनी इथे स्वातंत्र्य मागणाऱ्या मिरवणुकीवर गोळीबार केला. मिरवणुकीतला शिरीषकुमार मेहता तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्याच्यासह पाच जण गेले. पाच वर्षांनी मुकुटही गेला, पण थ्री नॉट थ्री राहिली. शस्त्रं टाकून नवी घेण्याइतका पैसा नव्या देशाकडे नव्हता. म्हणून त्याच बनावटीच्या रायफली नव्या राजमुद्रेखाली कवायतीला उभ्या राहिल्या आणि पुढची कित्येक दशकं पोलिसांच्या खांद्यावर राहिल्या.

तेव्हा संग्रहालयातली किंवा शस्त्रागारातली जुनी रायफल कुणी उजळायला काढली, तर त्याला एवढंच सांगणं : गंज काढा, तेल द्या, मोडलंय ते जोडा. पण साल जुळवण्याच्या नादात सिंह खरवडून मुकुट चमकवू नका. दोन्ही खुणा तिच्या अंगावर राहू द्या. तिचा इतिहास दोन्ही मिळूनच पुरा होतो.