कर्नलची चूक नाही

लिनक्सवाला माणूस कसा असतो हे तुम्हाला सांगायला नको. प्रत्येक सोसायटीत एक असतो आणि तो बहुधा तुमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतो. आमच्याकडे नाना आहेत. वीज मंडळातून निवृत्त झाले, त्या आठवड्यात लॅपटॉपवरचं विंडोज पुसलं, फेडोरा नावाचं लिनक्स घातलं, आणि तेव्हापासून त्यांचं वायफाय ठरावीक काळाने जातं.

हा काळ नानांच्या हातात नाही. लिनस टोरवाल्ड्स आणि मंडळी साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सोडतात आणि फेडोरा तो फार वेळ न दवडता घरपोच करतं. नाना तो सकाळी पोहे व्हायच्या आत बसवतात. लॅपटॉप बंद करून चालू करतात. मग वरून काकूंना उद्देशून आवाज येतो, "अगं, तुझ्या फोनचं नेट चालू कर." आणि पाठोपाठ, कोणी काही विचारलेलं नसताना, "कर्नलची चूक नाही!"

या वाक्याने आमची एक वार्षिक सभा खाल्ली. हिशेबाचे तक्ते पडद्यावर दाखवायला लॅपटॉप नानांचा होता आणि तक्ते होते इंटरनेटवर. नानांनी सकाळीच अपडेट केलं होतं. टँकरच्या बिलावर भांडायला घसा खाकरून आलेली माणसं ताटकळली आणि नाना काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी वाचत बसले. सेक्रेटरी म्हणाले, "नाना, काल चालत होतं ना?"

"कर्नलची चूक नाही," नाना म्हणाले आणि सभेला समजावू लागले. वायफायची चिप बनवणाऱ्या कंपनीने ड्रायव्हरचा मूळ कोड उघड केलेला नाही, त्यामुळे तो कर्नलच्या बाहेर राहतो. कर्नलवाले आतल्या जोडण्या हव्या तेव्हा बदलतात, त्या तशाच ठेवू असं वचन ते मुद्दामच देत नाहीत. जे ड्रायव्हर आत आहेत, ते बदल करणाराच दुरुस्त करून देतो. बाहेरचा ड्रायव्हर मात्र प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधून घ्यावा लागतो, आणि जोडण्या बदलल्या असतील तर तो बांधलाच जात नाही.

"म्हणजे भाडेकरू," खजिनदार म्हणाले. "नियम बदलतात, पण त्याला सभेला बोलवत नाहीत."

नानांना हे इतकं आवडलं की त्यांनी टँकरच्या बिलाला आमच्या बाजूने मत दिलं.

यावर सरळ उपाय आहे. फेडोरा आधीचे दोन कर्नल ठेवून देतं. सुरू होताना यादी उघडायची, त्यातला जुना निवडायचा, की वायफाय हजर. हे मी एकदा सुचवलं. "माघार?" एवढंच नाना म्हणाले.

वायफाय मुळीच न येणं हा झाला एक प्रकार. दुसरा छळवादी: येतं, थोडा वेळ टिकतं, जातं, पुन्हा येतं. यात संशयित बहुधा वीजबचत असते. वायफायचं कार्ड मधूनमधून डुलकी घेतं आणि जागं व्हायला विसरतं. ज्या माणसाने उभी नोकरी लोकांना वीज वाचवा म्हणून सांगण्यात घालवली, त्याने फाइल उघडून वीजबचत बंद केली. तिथे बंद करण्यासाठी दोन हा आकडा लिहावा लागतो. शून्य नाही, दोन! हे कुठल्या शहाण्याने ठरवलं, असं मी विचारलं. "कर्नलची चूक नाही. ते नेटवर्कमॅनेजरचं." हे खरंही होतं, त्यामुळे जास्तच राग आला.

हळूहळू वाक्य सोसायटीत पसरलं. सर्व्हिसिंगनंतर लिफ्ट अडकली की वॉचमन म्हणतो, कर्नलची चूक नाही. काकूंच्या आमटीत मीठ राहिलं की काकू म्हणतात. आमच्या चिरंजीवांनी गणिताचा पेपर याच शब्दांत माझ्यापुढे ठेवला.

शेवटी काकूंनीच एक यूएसबी डोंगल आणला. त्याचा ड्रायव्हर कर्नलच्या आतला, म्हणजे घरमालकांपैकी. अपडेट आले, गेले, वायफाय हललं नाही. नाना जिन्यात भेटले तर हवापाण्याचं बोलायचे. चेहरा उतरला होता.

मग एका अपडेटनंतर तेही तुटायला लागलं. लॅपटॉप झोपून उठला की डोंगल गप्प. मी वर गेलो आणि सवयीने म्हणालो, "कर्नलची चूक नाही, काय?" नानांनी चष्मा काढला. "या वेळी आहे रे," म्हणाले. घरातल्या मुलाबद्दल शाळेतून चिठ्ठी यावी तसा तो आवाज होता.

त्यानंतर त्यांच्या घरात रात्री उशिरापर्यंत दिवा दिसायचा. चांगल्या आणि बिघडलेल्या कर्नलमध्ये दहा हजारांहून जास्त बदल असतात. मधोमध कापायचं, तो कर्नल बांधायचा, लॅपटॉप झोपवायचा, उठवायचा, बघायचं; मग उरलेल्या अर्ध्याचं अर्धं. चौदा-एक वेळा कापलं की नेमका बदल हाती लागतो, पण जुन्या लॅपटॉपवर एकेक कर्नल बांधायला तास न् तास जातात. नानांनी तो बदल शोधला आणि व्याकरण तीनदा तपासून कर्नलवाल्यांना इंग्रजीत पत्र पाठवलं. परदेशातल्या एका अनोळखी मुलाने दुरुस्ती लिहून पाठवली, नानांनी ती चालवून पाहिली, आणि ती कर्नलमध्ये गेली.

हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, काकूंनी सांगितलं. त्या दुरुस्तीच्या नोंदीखाली दोन ओळी आहेत, 'रिपोर्टेड-बाय' आणि 'टेस्टेड-बाय', आणि दोन्हींपुढे नानांचं पूर्ण नाव. जगातले सर्वांत वेगवान 500 महासंगणक 2017 पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात, आणि त्या लिनक्सच्या इतिहासात नानांचं नाव बिनचूक लिहिलेलं आहे. आमच्या सोसायटीच्या फलकावर ते आजही चुकीचं आहे. येत्या सभेत तो फलक बदलण्याचा ठराव मी मांडणार आहे. खर्चाला खजिनदारांची ना नाही.

नानांचं वायफाय सध्या उत्तम चालतं. त्यामुळे ते फेडोरा सोडून आर्च लिनक्सवर जायच्या विचारात आहेत.